चिलीत राज्य कोणी करावं, याची वॉशिंग्टनला एवढी काळजी का होती?

अमेरिकेचं आणि दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं वाजलं की आपल्याकडे दोन तयार उत्तरं लगेच फिरू लागतात. पहिलं, ‘सगळं सीआयएचं कारस्थान आहे’. दुसरं, ‘डाव्यांनी स्वतःच देश बुडवला, उगाच अमेरिकेच्या नावानं खडे कशाला फोडता’. दोन्ही उत्तरं देणाऱ्याला फारसं वाचावं लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. चिलीचं प्रकरण नीट पाहिलं तर मात्र दोन्ही तोकडी पडतात. आणि ते नीट पाहता येतं, कारण त्यातले बरेचसे पुरावे खुद्द अमेरिकेच्या सरकारी कपाटांतून बाहेर आले आहेत. सिनेटच्या चौकशी समितीचे १९७५ चे अहवाल आहेत, आणि १९९९-२००० मध्ये क्लिंटन सरकारनं खुले केलेले सुमारे २४ हजार दस्तऐवजही आहेत.

या कागदांतून मला दिसतं ते असं. चिलीचा राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडून दिलेला आहे की बंदुकीच्या जोरावर बसलेला आहे, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये बराच काळ दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला प्रश्न असायचा: हा माणूस टिकला, यशस्वी झाला, तर बाकीच्या देशांना त्यातून काय शिकायला मिळेल?

तांबं, सहा वर्षांची मुदत आणि एक विचित्र नियम

नकाशात चिली शोधायला वेळ लागत नाही. अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधली उभी चिंचोळी पट्टी, लांबी ४,३०० किलोमीटरच्या आसपास आणि सरासरी रुंदी दोनशे किलोमीटरही नाही. उत्तरेला आताकामाचं कोरडं वाळवंट, आणि त्या वाळवंटाखाली तांबं. विसाव्या शतकाच्या मध्यावर देशाच्या निर्यातीचा सगळा डोलारा या तांब्यावर उभा होता, आणि मोठ्या खाणी अमेरिकन कंपन्यांच्या ताब्यात होत्या. उत्तरेतली चुकिकामाता ही उघडी खाण अ‍ॅनाकोंडाकडे, आणि सान्तियागोच्या दक्षिणेला डोंगराच्या पोटातली एल तेनिएन्ते केनेकॉटकडे. म्हणजे चिलीच्या अर्थमंत्र्याचं अंदाजपत्रक बऱ्याच अंशी न्यूयॉर्कमधल्या संचालक मंडळांच्या निर्णयांवर अवलंबून.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. १९२५ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष सहा वर्षांसाठी निवडला जाई आणि त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नसे. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांपैकी एकाला संसद निवडे. प्रघात असा की संसद पहिल्या क्रमांकाच्याच उमेदवारावर शिक्कामोर्तब करी. हा नियम लक्षात ठेवा, पुढचं सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

१९५८ च्या निवडणुकीत उजव्यांचे होर्हे अलेस्सांद्री जिंकले खरे, पण समाजवादी डॉक्टर साल्वादोर आयेंदे जेमतेम ३३ हजार मतांनी मागे राहिले. पुढच्याच वर्षी क्युबात फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आला. क्युबात निदान बंदुका होत्या, डोंगर होते, दाढीवाले गनीम होते. चिलीत एक मार्क्सवादी माणूस सूट घालून, चष्मा लावून, मतपेटीतून सत्तेच्या उंबरठ्यावर पोचला होता. वॉशिंग्टनला हे जास्त अवघड होतं. बंदुकीनं आलेल्याला बेकायदा म्हणता येतं, मतपेटीतून आलेल्याला काय म्हणणार?

मनासारखा माणूस

१९६४ च्या निवडणुकीत म्हणून कसलीच कसर सोडली गेली नाही. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे एदुआर्दो फ्रेई हे अमेरिकेच्या मनासारखे उमेदवार होते: सुधारणावादी, कॅथलिक, लोकांत वजन असलेले आणि कम्युनिस्टांचे कडवे विरोधक. सिनेटच्या अहवालानुसार सीआयएनं त्यांच्या उमेदवारीसाठी २६ लाख डॉलरहून अधिक रक्कम ओतली. त्यांच्या प्रचाराचा निम्म्याहून जास्त खर्च त्यातून भागला.

हा पैसा गेला कुठं, याचं वर्णन त्या अहवालात आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. भित्तिपत्रकं, पत्रकं, रेडिओ, चित्रफिती, घरोघरी टपालानं पाठवलेला मजकूर, भिंतींवरची रंगवारंगवी. आशय एकच: आयेंदे आले की सोव्हिएत रणगाडे येतील आणि क्युबातल्यासारखी गोळी घालणारी पथकं उभी राहतील. हा भीतीचा मारा मुख्यतः बायकांना उद्देशून होता, कारण त्यांची मतं निर्णायक ठरतील असा हिशेब होता. पोप अकरावे पायस यांचं कम्युनिझमविरोधी पत्रसुद्धा लाखांनी छापून वाटलं गेलं. फ्रेई ५६ टक्के मतांनी जिंकले.

आता हेही सांगायला हवं की फ्रेई कोणाच्या हातातलं बाहुलं नव्हते. अमेरिकेच्या पैशाशिवायही ते बहुधा जिंकलेच असते. उजव्या पक्षांनी आयेंदेंच्या धास्तीनं त्यांच्यामागे आपली मतं उभी केली होती. निवडून आल्यावर त्यांनी मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांकडे वळवायला सुरुवात केली, तांब्याच्या खाणींमधला ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घ्यायला सुरुवात केली, आणि त्यातून ते उजव्यांनाही नकोसे झाले. केनेडींनी १९६१ मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी जी मोठी मदत योजना जाहीर केली होती, तिच्यात चिली हा दाखवण्याजोगा नमुना मानला जात होता. मदत मिळाली, कर्जही वाढलं, आणि सहा वर्षांनी मतदारांना त्याहून जास्त बदल हवा होता.

पंधरा सप्टेंबरची चिठ्ठी

४ सप्टेंबर १९७० ला निकाल लागला. आयेंदेंना सुमारे ३६ टक्के, अलेस्सांद्रींना ३५ आणि फ्रेईंच्या पक्षाचे रादोमिरो तोमिच यांना २८. फरक सुमारे ३९ हजार मतांचा. आयेंदेंची ही चौथी निवडणूक. ‘इथं चिलीचा भावी राष्ट्राध्यक्ष विसावला आहे’ असं माझ्या थडग्यावर लिहा, अशी थट्टा ते स्वतःच करत असत म्हणतात. आता निर्णय संसदेचा होता, तारीख २४ ऑक्टोबर.

मधल्या सात आठवड्यांत जे झालं ते या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून इथं जरा थांबू.

१५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांना बोलावलं. सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर आणि महाधिवक्ता जॉन मिचेल तिथं होते. बैठक थोडक्यात आटोपली. हेल्म्स यांनी हातानं लिहून घेतलेल्या नोंदी पुढे सिनेट समितीच्या हाती लागल्या. तुटक तुटक ओळी आहेत: दहात एक संधी असेल कदाचित, पण चिली वाचवा. धोक्याची पर्वा नाही. दूतावासाला यात घेऊ नका. एक कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी. अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा. ४८ तासांत योजना.

कुठल्याही राष्ट्रप्रमुखाच्या मनात काय होतं हे इतक्या उघडपणे कागदावर सापडणं दुर्मीळच. त्यात चिलीच्या कुठल्या कृत्याचा उल्लेख नाही, कारण आयेंदेंनी अजून काही केलेलंच नव्हतं. त्यांनी शपथसुद्धा घेतली नव्हती.

योजनेचे दोन मार्ग ठरले. पहिला राजकीय: संसदेनं अलेस्सांद्रींना निवडावं, त्यांनी राजीनामा द्यावा, नव्या निवडणुकीत फ्रेई पुन्हा उभे राहावेत. कागदावर घटनेत बसणारी चलाखी. फ्रेईंनी त्यात पुढाकार घेतला नाही आणि ती बारगळली. दुसरा मार्ग थेट लष्करी उठावाचा, आणि तो अमेरिकेच्या चिलीतल्या राजदूतापासूनही लपवला गेला. राजदूत एडवर्ड कोरी स्वतः आयेंदेंचे कट्टर विरोधक होते. आयेंदेंच्या राज्यात चिलीला एक नट किंवा बोल्टही पोचू देणार नाही, अशी तंबी त्यांनी फ्रेईंच्या गोटात पोचवली होती. तरी त्यांना अंधारात ठेवलं.

दुसऱ्या मार्गातली धोंड म्हणजे लष्करप्रमुख जनरल रेने श्नायडर. त्यांचं म्हणणं साधं होतं: लष्करानं राज्यघटना पाळायची, संसद ज्याला निवडेल तो राष्ट्राध्यक्ष. त्यांचं अपहरण करून त्यांना बाजूला काढायचं, असा बेत चिलीतल्या काही अधिकाऱ्यांनी रचला. सीआयए दोन गटांच्या संपर्कात होती. २२ ऑक्टोबरला पहाटे दोनच्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी प्रतिनिधीनं त्यांतल्या एका गटाला तीन सबमशीनगन दिल्या. त्याच सकाळी कामावर निघालेल्या श्नायडर यांची मोटार दुसऱ्या गटाच्या माणसांनी अडवली. त्यांनी स्वतःचं पिस्तूल काढलं आणि हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. सीआयएनं दिलेल्या बंदुका त्या हल्ल्यात वापरल्या गेल्या असं सिनेट समितीला आढळलं नाही. पण हल्लेखोर गटातल्या लोकांना नंतर ३५ हजार डॉलर देण्यात आले, हे सीआयएनंच २००० मध्ये मान्य केलं.

बेत पार उलटला. लष्करप्रमुखावरच्या हल्ल्यानं देश हादरला आणि संसदेनं २४ ऑक्टोबरला १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदेंची निवड केली.

नाक दाबलं की तोंड उघडतं

आयेंदेंच्या शपथविधीनंतर दोन दिवसांनी किसिंजर यांनी निक्सनना एक टिपण दिलं. त्यात चिलीहून अमेरिकेवर हल्ला होईल वगैरे काही नव्हतं. भीती निराळी होती: लोकांनी निवडून दिलेलं एक यशस्वी मार्क्सवादी सरकार जगात इतरत्र, विशेषतः इटलीत, कित्ता ठरेल. निक्सन यांनीही सुरक्षा परिषदेच्या बैठकीत हाच मुद्दा मांडला, की आयेंदे यशस्वी झाल्याचं चित्र जगापुढे गेलं तर आपली पंचाईत होईल. आयेंदे अपयशी ठरले तर अमेरिकेला त्यांची धास्ती वाटायचं कारणच उरत नव्हतं. धोरण ठरलं: वरकरणी शिष्टाचार पाळायचा, आतून आर्थिक नाकेबंदी करायची.

आकडे पाहा. अमेरिकेची थेट मदत १९६९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर होती, १९७१ मध्ये १५ लाख. निर्यात-आयात बँकेची कर्जं १९६७ मध्ये २३ कोटींच्या पुढे होती, १९७१ मध्ये शून्य. आंतर-अमेरिकी विकास बँकेची कर्जं ४.६ कोटींवरून १९७२ मध्ये २० लाखांवर. अमेरिकन बँकांचं अल्पमुदतीचं व्यापारी कर्ज सुमारे ३० कोटींवरून तीन कोटींच्या आसपास. एकच खिडकी उघडी राहिली: चिलीच्या लष्कराला मिळणारी मदत आणि प्रशिक्षण. पाणी कुठं मुरत होतं हे ओळखायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

कर्ज बंद झालं म्हणजे नेमकं काय झालं? चिलीतले ट्रक, बस, खाणीतली यंत्रं अमेरिकन बनावटीची होती. सुटे भाग उधारीवर यायचे. आता विक्रेते रोख मागू लागले आणि डॉलर तर नव्हते. १९७२ च्या अखेरीस चिलीच्या अर्थखात्याचा अंदाज होता की चुकिकामाता खाणीतले जवळपास एक तृतीयांश डिझेल ट्रक आणि सरकारी बसगाड्यांपैकी ३३ टक्के केवळ टायर किंवा सुट्या भागांवाचून उभ्या आहेत. गोळी न झाडता, जहाजं न अडवता हे साधतं. आयेंदेंनी डिसेंबर १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभं राहून याच न दिसणाऱ्या वेढ्याची तक्रार केली.

कंपन्याही मागे नव्हत्या. चिलीतली टेलिफोन कंपनी बव्हंशी ‘आयटीटी’ या अमेरिकन उद्योगाची होती. आयेंदेंना रोखण्यासाठी आयटीटीनं सीआयएला दहा लाख डॉलर देऊ केले होते, आणि हा निरोप नेणारे संचालक जॉन मॅकोन हे स्वतः सीआयएचे माजी प्रमुख. मार्च १९७२ मध्ये कंपनीचे हे अंतर्गत कागद एका अमेरिकन स्तंभलेखकानं छापले तेव्हा गहजब झाला. ‘एल मेर्कुरिओ’ हे चिलीचं जुनं, वजनदार दैनिक चालू राहावं म्हणून सीआयएनं १६ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली.

पण इथंच थांबलं तर पहिल्या तयार उत्तराला बळी पडल्यासारखं होईल. आयेंदेंच्या सरकारनं स्वतःच्या हातानंही बरंच ओढवून घेतलं. पहिल्या वर्षी पगार भरघोस वाढवले, किमती गोठवल्या, तूट भरून काढायला नोटा छापल्या. लोक खूश झाले, खरेदी वाढली, मग दुकानं रिकामी झाली आणि काळा बाजार उभा राहिला. १९७३ मध्ये महागाईनं वार्षिक ५०० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. जगाच्या बाजारात तांब्याचा भाव पडला होता, तो दुष्काळातला तेरावा महिना. त्यांच्या आघाडीतल्या जहाल गटांना संसदेची फिकीर नव्हती. ते कारखाने आणि शेतं ताब्यात घेत सुटले आणि आयेंदे त्यांना आवरू शकले नाहीत. मध्यमवर्ग बिथरला. बायका रिकाम्या पातेल्या बडवत रस्त्यावर उतरल्या, आणि त्या सगळ्या काही सीआयएनं पाठवलेल्या नव्हत्या.

तांब्याचं राष्ट्रीयीकरण मात्र वेगळं. जुलै १९७१ मध्ये ती घटनादुरुस्ती संसदेत एकमतानं मंजूर झाली, उजव्या पक्षांसकट. भांडण पेटलं भरपाईवरून. कंपन्यांनी १९५५ पासून १२ टक्क्यांहून जास्त कमावलेला नफा ‘जादा’ ठरवून तो भरपाईतून वजा केला गेला, आणि हिशेब असा निघाला की मोठ्या खाणींबद्दल कंपन्याच चिलीचं देणं लागतात. केनेकॉटनं मग एल तेनिएन्तेच्या तांब्यावर हक्क सांगत युरोपातल्या न्यायालयांत दावे लावले. फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातल्या गोदी कामगारांनी चिलीच्या बाजूनं, वादात सापडलेल्या जहाजातला माल उतरवायला नकार दिला, म्हणून ते जहाजच दुसरीकडे न्यावं लागलं.

ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप पुकारला. इतक्या लांबट देशात ट्रक थांबले की सगळंच थांबतं. संपाला अमेरिकेचा पैसा थेट मिळाला का, यावर अजूनही वाद आहे. विरोधी पक्षांना दिलेल्या पैशातला काही भाग तिकडे झिरपला असावा, एवढी शंका सिनेट समितीनंही नोंदवली. मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत एवढ्या हालअपेष्टांनंतरही आयेंदेंच्या आघाडीला ४३ टक्क्यांच्या पुढे मतं पडली. महाभियोगासाठी विरोधकांना दोन तृतीयांश बळ हवं होतं, ते मिळालं नाही. सनदशीर वाट तिथं संपली.

११ सप्टेंबर १९७३ ला हवाई दलाच्या ब्रिटिश बनावटीच्या हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले. आयेंदेंनी आत राहून रेडिओवरून शेवटचं भाषण केलं आणि नंतर स्वतःचं जीवन संपवलं. २०११ मध्ये त्यांचं शव उकरून केलेल्या तपासणीत त्याला दुजोरा मिळाला. उठावाचे प्रमुख होते जनरल ऑगुस्तो पिनोशे, ज्यांना आयेंदेंनीच अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी लष्करप्रमुख नेमलं होतं.

या उठावात अमेरिकेचा थेट हात असल्याचा पुरावा सिनेट समितीला सापडला नाही. पण पाच दिवसांनी निक्सन आणि किसिंजर यांचं फोनवर बोलणं झालं, त्याची प्रत आता उपलब्ध आहे. आपला हात यात दिसत नाही ना, असं निक्सन विचारतात. किसिंजर म्हणतात, आपण ते केलं नाही, म्हणजे आपण त्यांना मदत केली, परिस्थिती शक्य तितकी तयार केली. गुन्हेगार कोण यावर पन्नास वर्षं चाललेल्या वादाचं त्याहून नेमकं वर्णन मला तरी कुठं सापडलेलं नाही.

न निवडलेला राष्ट्राध्यक्ष

पिनोशे आल्यावर मोजपट्टी कशी बदलली ते बघा. संसद बंद, पक्ष बंद, सान्तियागोचं राष्ट्रीय स्टेडियम कैद्यांनी भरलेलं. पुढच्या १७ वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली आणि हजारोंचा छळ झाला. चिलीच्याच सरकारी आयोगांनी नंतर ही मोजदाद केली. उठावानंतर काही आठवड्यांतच आयेंदेंना नाकारलेल्या उधारीवर गव्हाचं जहाज निघालं. अर्थखात्यात शिकागो विद्यापीठात शिकून आलेले चिली तरुण बसले, ज्यांच्या शिक्षणाचा करार पन्नाशीच्या दशकात अमेरिकेच्या मदतीनं झाला होता.

जून १९७६ मध्ये किसिंजर सान्तियागोत आले आणि पिनोशेंना भेटले. त्या संभाषणाचा वृत्तांतही खुला झाला आहे. सार्वजनिक भाषणात मानवी हक्कांबद्दल बोलावं लागेल, पण तुम्ही इथं जे करू पाहताय त्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्याच भेटीत पिनोशेंनी ओर्लान्दो लेतेलिएर यांच्याबद्दल तक्रार केली. लेतेलिएर हे आयेंदेंचे माजी मंत्री आणि अमेरिकेतले माजी राजदूत. ते वॉशिंग्टनमध्ये राहून पिनोशेंविरुद्ध जनमत तयार करत होते.

साडेतीन महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, वॉशिंग्टनच्या शेरिडन सर्कलमध्ये लेतेलिएर यांच्या मोटारीखाली बाँब फुटला. ते आणि त्यांची अमेरिकन सहकारी रॉनी मॉफिट ठार झाले. जागा परदेशी दूतावासांच्या वस्तीतली, व्हाइट हाउसपासून फार लांब नाही. बाँब लावणारा मायकेल टाउनली हा पिनोशेंच्या गुप्त पोलिसांसाठी काम करणारा अमेरिकन होता. त्या गुप्त पोलिसांचा प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास याला १९७५ मध्ये सीआयएनं एकदा पैसेही दिले होते. पाळलेला साप घरातच चावला, आणि तरी त्याला मारायला वॉशिंग्टननं बराच वेळ घेतला. कार्टर यांनी निर्बंध लावले, रेगन यांनी १९८१ मध्ये त्यांतले काही उठवले. ही हत्या पिनोशेंच्याच आदेशानं झाली असा सीआयएचा निष्कर्ष १९८७ मध्ये रेगन यांच्यापर्यंत पोचला होता. चिलीच्या सरकारला ते कागद २०१५ मध्ये मिळाले.

तिकडे हेल्म्स यांनी सीआयएच्या चिलीतल्या उद्योगांबद्दल सिनेटला नीट उत्तरं दिली नव्हती. त्याबद्दल १९७७ मध्ये त्यांना दोन हजार डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांची शिक्षा स्थगित झाली. या सगळ्या प्रकरणात अमेरिकन बाजूच्या एखाद्या बड्या अधिकाऱ्याला झालेली शिक्षा ती एवढीच.

दिल्लीहून आलेला राजदूत

मग रेगन यांच्याच कारकिर्दीत वारा फिरला. का? अमेरिकेला अचानक लोकशाहीचा पान्हा फुटला असं समजू नका. रेगन सरकार निकाराग्वातल्या डाव्यांकडे लोकशाही मागत होतं आणि चिलीतल्या हुकूमशहाकडे कानाडोळा करत होतं. हे दोन्ही एकत्र काँग्रेसपुढे खपवणं कठीण झालं. शिवाय फिलिपिन्समध्ये १९८६ मध्ये तिथले हुकूमशहा मार्कोस पडले. हुकूमशहा जास्त ताणून बसला की त्याच्यामागून कम्युनिस्टच येतील, हे नवं गणित पुढे आलं. भीती जुनीच, उत्तर फक्त उलटं.

या नव्या धोरणाचा चेहरा होते राजदूत हॅरी बार्न्स. १९८१ ते १९८५ ते भारतात अमेरिकेचे राजदूत होते आणि दिल्लीहून थेट सान्तियागोला गेले. तिथं ते विरोधी नेत्यांना उघडपणे भेटू लागले. जुलै १९८६ मध्ये सैनिकांनी दोन तरुण निदर्शकांना पेटवून दिलं. त्यातला रोद्रिगो रोहास हा १९ वर्षांचा मुलगा वॉशिंग्टनमध्ये वाढलेला होता आणि तो मरण पावला. बार्न्स त्याच्या अंत्ययात्रेला गेले, जिच्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पिनोशेंनी त्यांना ‘घाणेरडा हॅरी’ असं नाव ठेवलं होतं.

५ ऑक्टोबर १९८८ ला सार्वमत झालं: पिनोशेंना आणखी आठ वर्षं द्यायची की नाही. अमेरिकन काँग्रेसनं चिलीतल्या लोकशाहीवादी संघटनांसाठी दहा लाख डॉलर मंजूर केले होते. मतदार नोंदणी, प्रशिक्षण, समांतर मतमोजणी यावर ते गेले. मतदानाच्या तोंडावर पिनोशे ते उधळून लावतील अशी खबर लागली तेव्हा वॉशिंग्टननं जाहीर इशारा दिला. ‘नाही’च्या बाजूला सुमारे ५६ टक्के मतं पडली. त्या रात्री निर्णायक ठरलं ते मात्र चिलीच्याच हवाई दलप्रमुखाचं वागणं: जनरल मात्तेई यांनी ला मोनेदात शिरता शिरता पत्रकारांना सांगून टाकलं की ‘नाही’ जिंकलेलं दिसतंय. १९६४ मध्येही अमेरिकेनं चिलीच्या मतदानात पैसा घातला होता आणि १९८८ मध्येही. फरक हा की या वेळी तो उघड होता, आणि समोर हुकूमशहा होता. तरी या दोन खर्चांना एकाच तराजूत घालायचं की नाही, यावर चिलीतली माणसं अजूनही भांडतात, आणि त्यांनी भांडावंच.

सार्वमतात पिनोशे हरले म्हणून अमेरिकेचं दडपण संपलं असंही नाही. मार्च १९८९ मध्ये फिलाडेल्फिया बंदरात चिलीहून आलेल्या द्राक्षांपैकी दोन मण्यांत सायनाइडचा अंश सापडला, आणि अमेरिकेनं चिलीची सगळी फळं काही दिवस अडवली. ऐन हंगामात बागाच्या बागा सडल्या. युरोपनं २०१० मध्ये रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली तेव्हा नाशिकच्या बागायतदारांवर काय गुदरलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. तुमचा मोठा ग्राहक एकच असला की त्याच्या तपासणी टेबलावरचे दोन मणीही तुमच्या देशाचं अंदाजपत्रक हलवतात.

पुढचा खरा पेच आला २००३ मध्ये. राष्ट्राध्यक्ष होते रिकार्दो लागोस, समाजवादी. आयेंदेंनी त्यांना कधीकाळी मॉस्कोतले राजदूत म्हणून सुचवलं होतं. चिली तेव्हा सुरक्षा परिषदेचा तात्पुरता सदस्य होता आणि इराकवरील युद्धाच्या ठरावासाठी बुश सरकारला त्याचं मत हवं होतं. त्याच वेळी दोन्ही देशांमधला मुक्त व्यापार करार सहीच्या तोंडावर होता. लागोस यांनी पाठिंबा दिला नाही. करार रद्द झाला नाही, पण सिंगापूरच्या करारावर बुश यांनी मे महिन्यात व्हाइट हाउसमध्ये समारंभानं सही केली आणि चिलीच्या करारावर ६ जूनला मायामीत मंत्र्यांच्या पातळीवर सह्या उरकल्या. सान्तियागोत हा अपमान सगळ्यांना कळला. तरीही १९७० नंतर आयेंदेंवर जे गुदरलं त्याच्याशी तुलना केली तर एवढ्या स्वस्तात सुटलेला चिलीचा समाजवादी राष्ट्राध्यक्ष तो पहिलाच. करार १ जानेवारी २००४ पासून लागू झाला.